ब्रेन ट्यूमरमध्ये मेंदूचं नेटवर्क कसं बदलतं आणि त्याचा नकाशा कसा काढतात?

एमआरआयच्या फिल्मवर मेंदूतली गाठ एक पांढुरका ठिपका म्हणून दिसते. ठिपका दिसला की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "गाठ किती मोठी आहे?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. लिंबाएवढी गाठ असूनही एखादा माणूस दुकान चालवत असतो, आणि दुसऱ्याला हरभऱ्याएवढ्या गाठीमुळे बोलता येत नाही. असं का होतं? कारण गाठ कुठल्या जोडणीवर बसली आहे, यावर बरंच अवलंबून असतं. डॉक्टर आता गाठीच्या फोटोबरोबर मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशाही काढू शकतात. हा नकाशा म्हणजे काय, तो कसा बनतो, त्याचा उपयोग काय आणि तो कुठे फसतो, हे या लेखात सोप्या भाषेत बघू.

मी शहाद्याचा. मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञानावर लिहितो. त्यामुळे हा लेख तंत्र समजून घेण्यासाठी आहे, उपचाराचा सल्ला म्हणून नाही.

मेंदूचं नेटवर्क म्हणजे नेमकं काय?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी न्यूरॉन असतात. एकटा न्यूरॉन फार काही करत नाही. काम होतं ते हजारो न्यूरॉन एकमेकांना संदेश पाठवतात तेव्हा. मेंदूच्या बाहेरच्या राखाडी थरात या पेशींची वस्ती असते आणि आतल्या पांढऱ्या भागात त्यांना जोडणाऱ्या तारांचे जुडगे असतात. राखाडी भाग म्हणजे गावं आणि पांढरा भाग म्हणजे रस्ते, असं समजा.

पूर्वी असं मानलं जायचं की एक जागा म्हणजे एक काम. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. त्या रुग्णाला "तान" एवढाच उच्चार करता येत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली, आणि ती जागा बोलण्याचं केंद्र म्हणून प्रसिद्ध झाली. ते चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. बोलायला शब्द आठवावा लागतो, त्याचा अर्थ जुळवावा लागतो, जीभ-ओठ हलवावे लागतात आणि आपण काय बोललो हे ऐकावंही लागतं. ही कामं वेगवेगळ्या जागी होतात आणि मधल्या जोडण्या शाबूत असतील तरच जुळतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. शहाद्याहून दोंडाईचाला जाताना सारंगखेड्याचा तापीवरचा पूल लागतो. तो बंद झाला तर काय होतं? शहादा जागेवर आहे, दोंडाईचा जागेवर आहे, पण गाड्या प्रकाशाच्या पुलावरून नंदुरबारमार्गे वळतात. प्रवास लांबतो, आणि ज्या प्रकाशाच्या रस्त्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं तिथेही गर्दी होते. गोमाईवरचा एखादा छोटा पूल बंद झाला तर मात्र त्रास आसपासच्या दोन-चार गावांपुरताच राहतो.

मेंदूतही असंच आहे. काही जागांमधून खूप रस्ते जातात, त्यांना हब म्हणतात. हबजवळची छोटी गाठ जास्त त्रास देऊ शकते आणि कडेची मोठी गाठ बरेच दिवस लक्षातही येत नाही.

गाठ झाल्यावर नेटवर्कमध्ये कोणते बदल होतात?

ढोबळपणे चार प्रकारचे बदल दिसतात.

१. रस्ता सरकतो. मेनिंजिओमा ही गाठ मेंदूवरच्या आवरणातून वाढते. ती बहुतेक वेळा मेंदूला बाहेरून दाबते. जोडण्या बाजूला ढकलल्या जातात, पण तुटतातच असं नाही.

२. रस्त्यातच गाठ पसरते. ग्लायोमा ही गाठ मेंदूच्या आतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या प्रकारातली. ती पांढऱ्या भागातल्या तारांच्या बाजूने पसरते. त्यामुळे गाठीच्या आत किंवा काठावर काम करणारा मेंदूही सापडू शकतो. एमआरआयवर दिसणारी कड म्हणजे गाठीची खरी हद्द, असं इथे धरता येत नाही.

३. दूरच्या जागी परिणाम होतो. गाठ डाव्या बाजूला असली तरी उजव्या बाजूच्या नेटवर्कमध्ये बदल मोजता येतात. एका जागच्या इजेमुळे तिला जोडलेली दूरची जागा मंदावते, हा विचार कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. आता तो स्कॅनवर दिसतो. नीट लक्ष न लागणं, चटकन विसरणं, काम संथ होणं अशा तक्रारी गाठीच्या 'जागेशी' जुळत नाहीत, त्याचं एक कारण हे आहे.

४. मेंदू पर्यायी वाट शोधतो. गाठ हळूहळू वाढत असेल तर मेंदूला वेळ मिळतो आणि काही कामं शेजारच्या किंवा समोरच्या बाजूच्या जागा उचलतात. गाठ झपाट्याने वाढली तर ही सवड मिळत नाही. पण राखाडी भागातलं काम जितकं सरकू शकतं, तितके आतले मुख्य रस्ते सरकू शकत नाहीत. म्हणून सर्जन या रस्त्यांना फार जपतात.

हा नकाशा कसा काढतात?

*रस्त्यांचा नकाशा: डीटीआय.* पाणी तारांच्या जुडग्यातून लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी सरकतं. उसाच्या मोळीवर पाणी ओता, ते कांड्यांच्या बाजूने ओघळेल, तसंच. एमआरआय मशीन वेगवेगळ्या दिशांनी पाण्याची ही हालचाल मोजतं आणि सॉफ्टवेअर त्यावरून तारांची दिशा काढतं. पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित १९९४ साली मांडलं. रंगीत धाग्यांसारखी मेंदूची चित्रं तुम्ही पाहिली असतील, ती अशीच बनतात. एक लक्षात ठेवा, ते धागे म्हणजे तारांचा फोटो नाही. पाण्याच्या हालचालीवरून बांधलेला तो अंदाज आहे.

*कामाचा नकाशा: एफएमआरआय.* मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचं चुंबकीय वागणं वेगळं असतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की हा फरक एमआरआयमध्ये पकडता येतो. रुग्णाला मशीनमध्ये बोटं हलवायला किंवा मनात शब्द आठवायला सांगतात आणि कोणता भाग जागा होतो ते बघतात. रक्त पोहोचायला साधारण चार ते सहा सेकंद लागतात, म्हणजे हे प्रक्षेपण थोडं उशिराने चालतं.

*विश्रांतीतला नकाशा.* हा प्रकार मला सगळ्यात भन्नाट वाटतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन वैद्यकीय महाविद्यालयात भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांना दिसलं की माणूस काहीही न करता नुसता पडून असला, तरी हात हलवणाऱ्या डाव्या-उजव्या जागांचे सिग्नल एकाच तालात वर-खाली होतात. म्हणजे काम न देताही कोण कोणाशी जोडलेलं आहे, याचा सुगावा लागतो.

व्हॉट्सॲपचं उदाहरण बघा. दोन मित्र रोज एकाच वेळी ऑनलाइन येतात आणि एकाच वेळी जातात. तुम्हाला संशय येतो की हे एकमेकांशी बोलत असणार. बहुतेक वेळा खरंही असतं. पण कधी असंही होतं की दोघांना तिसराच कुणीतरी मेसेज करतोय. विश्रांतीतला एफएमआरआय हा असा 'ऑनलाइन'चा ताळमेळ सांगतो. ताळमेळ आहे म्हणजे थेट तार आहेच, असं नाही. म्हणून तो डीटीआयसोबत वाचावा लागतो.

*आकड्यांचं काम.* यानंतर कॉम्प्युटर मेंदूचे भाग पाडतो. एका नेहमीच्या पद्धतीत बाहेरच्या थराचे ६८ भाग करतात. प्रत्येक भागाची इतर प्रत्येकाशी जोडी लावली तर २,२७८ जोड्या होतात. आठ मिनिटांच्या स्कॅनमध्ये दर दोन सेकंदांनी एक चित्र घेतलं तर २४० चित्रं मिळतात, आणि त्यावरून प्रत्येक जोडीचा ताळमेळ मोजतात. मग कुठला भाग हब आहे, कुठला एकटा पडला आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला किती टप्पे लागतात, हे काढता येतं. गणित तेच आहे, जे रस्ते, रेल्वे आणि सोशल मीडियाच्या जाळ्यांना लावतात.

*ऑपरेशन टेबलवरची खात्री.* गाठ बोलण्याच्या किंवा हालचालीच्या भागाजवळ असेल तर काही रुग्णांना ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यात जागं ठेवतात. ऐकायला भीतिदायक वाटतं, पण मेंदूच्या आतल्या भागाला स्वतःला वेदना कळत नाही. डोक्याची त्वचा बधिर केलेली असते. सर्जन एखाद्या जागी अगदी हलका विद्युतप्रवाह देतात आणि त्याच वेळी रुग्णाला चित्रं दाखवून नावं विचारतात. नाव अडलं की ती जागा वाचवायची. माँट्रिअलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी गेल्या शतकात ही पद्धत रुळवली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही जागेपणीच्या अशा शस्त्रक्रिया होतात. स्कॅनचा नकाशा कितीही चांगला असला तरी शेवटची खात्री आजही याच पद्धतीने करतात.

संशोधनातून काय कळलं?

*बेल्जियमचा अभ्यास.* गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ ग्लायोमाच्या आणि १४ मेनिंजिओमाच्या रुग्णांचे ऑपरेशनआधी स्कॅन घेतले आणि प्रत्येकाच्या मेंदूचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं. तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती. त्यासाठी त्यांनी रुग्णांच्या जोडीदारांनाच घेतलं. कारण घरात गाठ निघाली की ताण दोघांवरही येतो. जोडीदाराशी तुलना केली तर दिसणारा फरक गाठीचा की नुसत्या काळजीचा, हे वेगळं करायला मदत होते. ही विदा त्यांनी जगभरच्या अभ्यासकांसाठी खुली ठेवली.

*गाठ नेटवर्कमध्ये शिरते.* २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या गटांनी दाखवलं की ग्लायोमाच्या पेशी न्यूरॉनशी चक्क जोडण्या करतात आणि त्यांच्या सिग्नलचा वाढीसाठी फायदा घेतात. शेजाऱ्याच्या मीटरवर आकडा टाकावा, तसा हा प्रकार. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमा या आक्रमक गाठीबद्दल सांगितलं की ज्या रुग्णांच्या गाठीचे भाग बाकीच्या मेंदूशी जास्त जोडलेले होते, ते सरासरीने कमी जगले. म्हणजे जोडणी दर वेळी चांगलीच असते असं नाही. कोण कोणाशी जोडलंय हे महत्त्वाचं.

*मुंबईचा अभ्यास.* हा थेट नेटवर्कचा नकाशा काढणारा अभ्यास नाही, पण मुद्दा तोच आहे. टाटा मेमोरियलमध्ये २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षं वयाचे २०० रुग्ण घेतले. गाठी हळू वाढणाऱ्या किंवा सौम्य होत्या. काहींना नेहमीच्या पद्धतीने रेडिएशन दिलं, काहींना गाठीच्या आकाराला अगदी जुळवून. पाच वर्षं त्यांचा बुद्ध्यांक आणि हॉर्मोन तपासले. निकाल २०१७ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त आला. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता, पण जुळवून रेडिएशन दिलेल्यांची बुद्धी आणि हॉर्मोन जास्त चांगले टिकले. आजूबाजूचा निरोगी मेंदू वाचवला की माणसाचं शिक्षण आणि काम वाचतं. नेटवर्कच्या नकाशाचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

आपल्या भागासाठी सर्वात महत्त्वाचा मुद्दा: भाषा

शहादा-तळोद्याकडच्या घरात अहिराणी, गुजर, भिली किंवा पावरी बोलतात. शाळा मराठीत, बाजारात हिंदी, सुरतेला गेलं की गुजराती. असा माणूस मोठ्या शहरातल्या मशीनमध्ये झोपतो, तेव्हा तपासणी कोणत्या भाषेत होते?

तपासणीत मुलाचं चित्र दाखवलं तर मराठीत 'मुलगा', अहिराणीत 'आंडोर'. आजीला 'मुलगा' शब्द पटकन आठवला नाही, तर तो दोष गाठीचा की भाषेचा? नकाशा काढणाऱ्याला हे आपोआप कळणार नाही. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत बराचसा भाग दोन्हींसाठी एकच असतो, पण ऑपरेशनच्या वेळी काही जागा अशा सापडतात की तिथे प्रवाह दिल्यावर एकच भाषा अडते. म्हणून एकाच भाषेत तपासून काम भागत नाही.

यासाठी घरच्यांनी तीन गोष्टी आधीच सांगाव्यात:

- रुग्ण घरी कोणती भाषा बोलतो, लहानपणी कोणती शिकला आणि कामासाठी कोणती वापरतो.
- उजव्या हाताने काम करतो की डाव्या. डावखुऱ्या लोकांत भाषेचं काम उजव्या बाजूला असण्याची शक्यता जास्त असते.
- त्याचं रोजचं काम काय. हिशेब, शिवणकाम, ड्रायव्हिंग, भजनात पेटी वाजवणं, जे असेल ते.

घरची भाषा बोलणारं कुणीतरी तपासणीच्या वेळी सोबत असावं. बोलणं समजायलाच अडचण असेल तर विश्रांतीतला एफएमआरआय उपयोगी पडतो, कारण त्यात प्रश्नोत्तरं नसतात.

हा नकाशा कुठे फसतो?

- गाठीभोवती सूज असेल तर पाण्याची हालचाल बिघडते आणि डीटीआयमध्ये रस्ता गायब दिसतो. प्रत्यक्षात तो तिथे असू शकतो.
- गाठीजवळच्या रक्तवाहिन्या नीट काम करत नसतील, तर मेंदू काम करत असूनही एफएमआरआयमध्ये तो भाग शांत दिसतो.
- डोकं थोडंसं जरी हललं तरी खोटे ताळमेळ तयार होतात. म्हणून 'हलू नका' असं पुन्हा पुन्हा सांगतात.
- बरेचसे निष्कर्ष अनेक रुग्णांच्या सरासरीवरून काढलेले आहेत. एकट्या रुग्णाचं पुढे काय होणार, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही.

थोडक्यात, नकाशात रस्ता दिसला नाही म्हणजे तिथे रस्ता नाही, असं धरून चाकू चालवता येत नाही.

स्कॅन मोबाईलमध्ये कसा ठेवायचा?

हे काम घरातल्या तरुण मुलामुलींकडेच येतं, म्हणून नीट वाचा.

- फिल्मचा फोटो काढून पाठवणं पुरेसं नाही. एका तपासणीत शेकडो चित्रं असतात, फिल्मवर त्यातली थोडीच छापतात.
- सेंटरवरून सीडी किंवा पेनड्राइव्हमध्ये मूळ फाइल्स मागा. त्यांना डायकॉम म्हणतात. त्या गॅलरीत उघडत नाहीत, म्हणजे खराब आहेत असं नाही.
- फाइल्सची नावं बदलू नका. पूर्ण फोल्डर तसाच्या तसा दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा.
- या फाइल्समध्ये रुग्णाचं नाव, जन्मतारीख वगैरे लिहिलेलं असतं. त्यामुळे ग्रुपवर टाकू नका, अनोळखी वेबसाइटवर किंवा एआय ॲपवर चढवू नका.
- जुना स्कॅन फेकू नका. बदल मोजायचा तर आधीचा नकाशा लागतोच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रत्येक रुग्णाला हा नकाशा काढावा लागतो का?*
नाही. गाठ महत्त्वाच्या रस्त्यापासून लांब असेल तर साध्या एमआरआयवर काम होतं. गरज आहे की नाही, ते न्यूरोसर्जन ठरवतात.

*यात रेडिएशन किंवा इंजेक्शन असतं का?*
एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. डीटीआय आणि एफएमआरआयसाठी इंजेक्शनचीही गरज नसते. गाठ स्पष्ट दिसावी म्हणून वेगळं इंजेक्शन देऊ शकतात. अंगात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधी सांगा.

*खर्चाचं काय?*
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधीच विचारा.

*मोबाईलमुळे ब्रेन ट्यूमर होतो का?*
२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाईल लहरींना 'कदाचित धोकादायक' अशा गटात ठेवलं होतं. २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल वापर आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही.

*डॉक्टरांकडे कधी जायचं?*
मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली, पहाटे डोकं दुखून उलट्या होतात, एका बाजूचा हात-पाय ढिला पडतोय, बोलताना शब्द अडतात, किंवा माणसाचा स्वभाव अचानक बदलला, तर थांबू नका. यातलं काहीही झालं म्हणजे गाठच असेल असं नाही, पण तपासणी हवीच. फिट आल्यावर बाहेरचं काही लागलं म्हणून आधी उतारे करत बसू नका, त्यात मोलाचे दिवस जातात.

पुढच्या वेळी ओळखीतल्या कुणाच्या रिपोर्टवर चर्चा निघाली, तर गाठीच्या सेंटिमीटरनंतर आणखी एक प्रश्न डॉक्टरांना विचारा: "ही गाठ कोणत्या कामाच्या रस्त्याजवळ आहे, आणि तो रस्ता वाचवायला काय करता येईल?" प्रश्न विचारताना रुग्णाची घरची भाषा आणि त्याचं रोजचं काम सांगायला विसरू नका.